साईला दिलेलं बंदर

वैजनाथ मूळचा जिंतूरकडचा. बारावीनंतर पुण्यात आला, सदाशिव पेठेत एका खोलीत सहा जणांबरोबर कॉट भाड्यानं घेऊन इंजिनिअर झाला आणि नोकरी लागल्यावर हडपसरला सरकला. दोन हजार नऊ साली तो एकतीस वर्षांचा होता, टीम लीड होता, लग्नाचं काही जमत नव्हतं, आणि त्याला एक भलताच नाद होता. माणसं सिंहगड चढतात, क्रिकेट बघतात, निदान रविवारी दुपारी झोपा काढतात. हा बाबा नसलेल्या देशाचा नकाशा काढत बसायचा.

नाद लागला अमेरिकेत. कंपनीनं त्याला सात महिने ओहायोला पाठवलं होतं. तिथल्या थंडीत करायचं काय? ऑफिसातल्या एका पिकल्या केसांच्या प्रोग्रॅमरनं त्याला घरी नेलं, टेबलाशी बसवलं आणि हातात वीस बाजूंचा फासा दिला. खेळ साधा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदू. दरी आडवी आली तर उडी मारायची का ते खेळणाऱ्यानं ठरवायचं, आणि जमली का ते फाशानं. परतताना लोक चॉकलेटं आणतात. यानं फाशांची पिशवी आणली. आईनं ती उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला.

हडपसरच्या फ्लॅटवर दर रविवारी दुपारी तिघं जमायची आणि गोष्ट सांगायचा वैजनाथ. त्याच्याच टीममधली रुपाली, तिला तेव्हा सातवा महिना लागला होता, पण खेळात ती दोन तलवारी घेऊन फिरायची. दुसरा पृथ्वीराज, घरमालकाचा मुलगा. ती इमारत उभी होती ती त्यांच्याच उसाच्या रानावर, आणि भाडं मागायला म्हणून वर आलेला हा गडी खेळालाच चिकटला. तिसरा साई, खेळातला वैदू. भंडाऱ्याकडचा, चोवीस वर्षांचा, वैजनाथच्या हाताखाली टेस्टिंग करायचा. चुका शोधणं हे त्याचं काम, आणि रविवारीही ते त्याच्या अंगातून जात नसे.

एका रविवारी वैजनाथनं चार ड्रॉइंगशीट मागच्या बाजूनं टेपनं जोडून देशाचा नकाशा मांडला, नाव ठेवलं सप्तखोरं. सात नद्या, निळ्या पेन्सिलीनं, अगदी मन लावून काढलेल्या. साई गुडघ्यावर ओणवा झाला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, ही नदी डोंगरावर चढून राहिली."

"कुठं?"

"हे काय. समुद्रातून निघाली, घाट चढली अन् पलीकडच्या समुद्रात उतरली. आमच्या वैनगंगेनं हे बघितलं तर हसंल ना हो."

सगळे हसले. वैजनाथही हसला, आणि त्या दिवसापासून नद्यांचं खातं साईकडे गेलं. पाणी कुठं साचेल, गाव कुठल्या काठावर वसेल, पूर आला तर बाजार कुठं भरेल, हे सगळं तो पोरगा सांगायचा आणि वैजनाथ काढायचा. खरं तर नकाशा निम्मा त्याचाच होता. वैजनाथला तो लाडका होता, हेही सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी नको.

मग मंदी आली. अमेरिकेत कुठल्याशा बँका बुडाल्या आणि इथं कँटीनमधली फुकटची कॉफी बंद झाली. लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागले. फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी मॅनेजरनं वैजनाथला काचेच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं, "प्रत्येक टीममधून एक नाव. शुक्रवारपर्यंत. पत्रं सत्तावीस तारखेला निघतील. तोपर्यंत कुणाला कळलं तर दुसरं नाव तुझं."

सात जणांची टीम. वैजनाथनं दोन दिवस खाल्लेलं त्याच्या अंगी लागलं नाही. रुपालीचं नाव द्यायचं? त्या अवस्थेत? एकाला दोन लहान पोरं, एकाचे वडील अंथरुणाला खिळलेले. प्रत्येक नावापुढे काही ना काही अडचण उभी, आणि साईच्या नावापुढे काहीच नाही. एकटा जीव. हुशार आहे, कुठंही लागेल. शुक्रवारी, सहा तारखेला, त्यानं साईचं नाव टाइप केलं, पाठवलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत उभा राहिला. काम कुणाचं चांगलं हा प्रश्न त्याला दोन दिवसांत एकदाही सुचला नव्हता. सुचला असता तर साईचं नाव सगळ्यात शेवटी आलं असतं.

आठ तारखेचा रविवार. साई नेहमीसारखा आला, येताना सगळ्यांसाठी गरम सामोसे घेऊन.  वैजनाथला पोराकडे बघवेना. मग त्यानं काय करावं? नकाशावरचं पूर्वेकडचं अख्खं खोरं, जे त्यानं गोष्टीच्या शेवटासाठी राखून ठेवलं होतं, ते साईच्या वैदूला बहाल करून टाकलं. म्हातारा राजा प्रसन्न झाला म्हणे. फासा नाही, परीक्षा नाही, काही नाही.

"माझं?" साई म्हणाला. "सगळं?"

"सगळं तुझं. नदीसकट."

पोराचा चेहरा असा फुलला की वैजनाथला क्षणभर खरंच बरं वाटलं. बघा माणसाची अक्कल! हातातली भाकर काढून घेतली होती आणि कागदावर जहागीर लिहून देत होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये साई ताट घेऊन त्याच्यासमोर बसला. कॉलेजातल्या एका सीनियरनं त्याचं बंगलोरच्या छोट्या कंपनीत बोलणं केलं होतं. एकोणीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. "मी जाऊ का दादा? तुम्ही म्हणाल तसं."

जा. एक अक्षर. एवढंच म्हणायचं होतं. पण मॅनेजरचं ते "दुसरं नाव तुझं" वैजनाथच्या मानगुटीवर बसलं होतं. हा पोरगा जाताना चार जणांना सांगेल, दादांनीच जा म्हटलं. मग वर विचारणा होईल, यांना कसं माहीत? त्यानं आमटीत चमचा फिरवत म्हटलं, "घाई करू नको. तुझं तू बघ."

"म्हणजे थांबू?"

"मी तसं म्हणालो नाही," वैजनाथ म्हणाला, आणि पाणी आणायला म्हणून उठला. परत आला तेव्हा साई ताट घेऊन निघून गेला होता.

त्या आठवड्यात तीनदा त्यानं साईला बाजूला घ्यायचं ठरवलं आणि तीनदा शेपूट घातली. पंधरा तारखेच्या रविवारी तर त्यानं कहर केला. साईच्या खोऱ्याला समुद्रकिनारा नव्हता, म्हणून खाडी आत ओढून त्यानं बंदर दिलं. बंदरावर दीपगृह दिलं, मोत्यांची शिंपली दिली, चाळीस जहाजं दिली. रुपालीनं दोन्ही तलवारी खाली ठेवल्या. "अहो सूत्रधार, आम्ही काय घोडं मारलंय? मी सहा महिने राक्षस मारतेय, मला अजून एक घोडा मिळालेला नाही!"

पृथ्वीराज मात्र हसला नाही. तो नकाशाकडे बघत होता. "दादा, एक बोलू का? आमच्याकडं रान घ्यायला पहिला माणूस आला ना, त्यानं आज्ज्याला आधी फेटा बांधला, मग पेढे आणले. आज्जा लय खूश. जमीन अशी उगीच कोन कुनाला देत नाय. कायतरी हाय."

"खेळ आहे रे बाबा," वैजनाथ म्हणाला. त्यानं फासे पिशवीत भरायला घेतले.

बावीस तारखेला रुपालीला डॉक्टरकडे जायचं होतं, पृथ्वीराजच्या घरी पाहुणे होते. साई एकटाच आला. म्हणाला, खेळ नाही तर नाही, आपण समुद्र रंगवून टाकू. दोघं फरशीवर बसले. साई बंदराच्या बाजूनं निळा रंग भरत होता, वैजनाथ पश्चिमेकडून. पंखा नव्हता लावला, कागद उडतो म्हणून.

"बंगलोरला नाही म्हणून टाकलं दादा," साई सहज बोलला. "गुरुवारी मेल केला."

वैजनाथचा हात थांबला. "का?"

"तुम्हीच तर म्हटलं, घाई नको. अन् खरं सांगू? तिथं रविवारी काय करू मी? तिथं कोन आहे माझं? इथं हे आहे." त्यानं पेन्सिलीच्या टोकानं दीपगृह दाखवलं आणि स्वतःच लाजून हसला. "पोरकटपणा आहे माझा, मला माहीत आहे. मायला सांगितलं तर म्हणाली, दादा आहेत तिथं, तर इथंच राहा."

वैजनाथला वाटलं, कुणीतरी तोंडात मारावी तर बरं. दोन आठवडे तो स्वतःची टोचणी कमी करायला त्या पोराच्या ओंजळीत मोती टाकत होता, आणि त्या मोत्यांनीच पोरगं इथं अडकून पडलं. काही दिलं नसतं, नुसता तोंड फिरवून बसला असता, तरी साई आज सामान बांधत असता. 

"साई, मी तुझं नाव दिलंय."

"कशात?"

"यादीत. शुक्रवारी पत्र मिळेल तुला. एका टीममधून एक नाव मागितलं होतं. मी तुझं दिलं."

साई हसायच्या बेतात होता, तसाच राहिला. "कधी दिलं?"

"सहा तारखेला."

"अन् हे खोरं मला कधी दिलं?"

"आठला."

"बंगलोरचं मी नऊला विचारलं." तो हिशेब लावत होता, ऑफिसात चूक कुठून शिरली ते शोधताना लावायचा तसा, आवाज न चढवता. "म्हणजे तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"काहून नाही सांगितलं हो दादा?"

वैजनाथकडे उत्तर होतं. मॅनेजर, दुसरं नाव, नोकरी. तोंडापर्यंत आलं आणि इतकं भिकार वाटलं की त्यानं ते गिळलं. "भ्यालो," तो म्हणाला. "माझी नोकरी जाईल म्हणून भ्यालो. चुकलं माझं, साई."

साईनं मान डोलावली. राग केला नाही, रडला नाही. दोन्हीपैकी काहीही केलं असतं तर वैजनाथनं ते आनंदानं सोसलं असतं. साई पुन्हा वाकला आणि हाती घेतलेला कोपरा पूर्ण रंगवला, रेघेबाहेर न जाता. पेन्सिल डबीत ठेवली. मग खिशातून फोन काढला.

"मायला तुम्ही सांगा."

"साई, अरे..."

"मी नाही सांगू शकत. ती म्हणंल, दादांना विचारलं होतंस ना? मी काय सांगू? तुम्हीच सांगा." त्यानं नंबर लावला, थांबला, "माय, दादा बोलून राहिले," एवढं म्हणाला आणि फोन वैजनाथच्या हातात दिला. स्वतः गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

साईच्या आईचा, यमुनाबाईंचा, आवाज मोठा होता, लांबून बोलतात त्यांचा असतो तसा. वैजनाथला तोंड उघडायची सवडच मिळेना. "दादा, कसे आहात? बरं झालं बाई, तुम्ही पोराला थांबवलं. एवढ्या दूर, ना भाषा, ना माणूस. तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते पाहा."

"काकू," वैजनाथ म्हणाला, "मी काय सांगतो ते नीट ऐका." आणि त्यानं सांगितलं. नाव कुणी दिलं, कधी दिलं, आणि पोरानं विचारलं तेव्हा आपण काय म्हणालो, सगळं. एकही शब्द पुसट केला नाही, मंदीच्या गळ्यात दोष घातला नाही. बोलून झाल्यावर तो शिव्यांची वाट बघत बसला.

 पलीकडे कुणाचं तरी वासरू हंबरत होतं. मग यमुनाबाई बोलल्या, तितक्याच आदरानं, फक्त आवाज उतरला होता.

"मग आता त्यानं काय करावं दादा? तुम्हीच सांगा. आम्हाला तर त्यातलं काही समजत नाही."