पारूआत्यांची सोनेरी रेकॉर्ड

कुडपणच्या चढावर दामलेसाहेब पुन्हा एका दगडावर टेकले. पोर्टेबल ग्रामोफोन माझ्या खांद्यावर, त्यांच्या हातात नुसती छत्री. तरी दम त्यांनाच लागला होता.

"मिस्त्री, अजून किती?"

"हे काय, आलंच," मी म्हणालो. पोलादपूर सोडल्यापासून मी हेच म्हणत होतो.

ही साठच्या दशकातली गोष्ट. महाडच्या बाजारपेठेत माझं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. दामले मुंबईचे सॉलिसिटर. एखादी रेकॉर्ड तुफान खपली की कंपनी गाणाऱ्याला सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड फ्रेम करून बक्षीस देई. दामल्यांना अशा रेकॉर्डी जमवायचा नाद. कुडपणच्या पारूआत्यांकडे एक आहे असं कळताच ते माझ्या दुकानात हजर झाले. माल अस्सल आहे की नाही, हे बघायला त्यांना मेकॅनिक हवा होता.

पारूआत्यांचा नवरा मुंबईत गिरणीत होता. तेव्हा त्यांनी तिथे लग्नाची गाणी रेकॉर्ड केली. आमच्या भागात त्यांची रेकॉर्ड लावल्याशिवाय कुणाला हळद लागत नसे. नवरा वारल्यावर त्या गावी परतल्या. आवाज ताडून बघायला म्हणून मी त्यांची साधी काळी रेकॉर्ड दुकानातून बरोबर घेतली होती.

फ्रेम ओटीवरच टांगलेली होती. काच लख्ख पुसलेली.

"विकनार नाय," आत्यांनी पाणी देतादेताच सांगून टाकलं. "माजा गळा हाय त्यात. गळा कुनी विकतं काय?"

"निदान ऐकू तर द्या," दामले म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, नका वाजवू. रेकॉर्ड छापायचे साचे धातूच्या तबकड्यांवरून करतात. बक्षिसाच्या वेळी कारखान्यात त्यातली जी हाताला लागेल तिलाच मुलामा देतात, असं मी ऐकलंय. लेबल तेवढं बरोबर असतं."

"मग खात्री कशी करायची?"

आत्यांचे कान तिखट होते. "लावा की! मीबी कदी ऐकली नाय. घरात मशीन कुटं होतं?"

आता इलाज नव्हता. मी फ्रेम उघडली. स्टीलच्या सुईने मुलामा खरवडला असता, म्हणून बांबूची सुई लावली. चावी दिली. तोवर ओटीवर अर्धी वाडी जमली होती.

आधी खरखर. मग पेटी. आणि मग एक भारदस्त पुरुष गुजरातीत गाऊ लागला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, "पारू, तुजा आवाज बसला काय गो तवा?"

ओटी हसून लोटपोट झाली. आत्या मात्र त्या फिरत्या तबकडीकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं रोज जिची काच पुसली, तिच्यात हा कोण निघाला! मला त्यांच्याकडे बघवेना. मी घाईघाईने ती उतरवली आणि काळी रेकॉर्ड लावली.

पहिल्याच ओळीला त्यांनी पदर सावरला.

"ही मी," त्या म्हणाल्या. मग एकदम हात वर केला. "गप ऱ्हा सगली! टाळ ऐका. टाळ ह्यांचे हायत."

गाण्यामागे टाळ वाजत होते. ठेक्याच्या किंचित पुढे धावणारे. ती रेकॉर्ड मी दुकानात शेकडो वेळा लावली असेल, पण टाळांकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आत्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा.

मी चौथ्यांदा चावी देत असताना त्यांनी डोळे पुसले आणि दामल्यांकडे वळल्या.

"सायेब, तो पिवला बाप्या घेऊन जा तुमी. कोन कुटला, उगाच माज्या ओटीवर ऱ्हायला. ही काली आनि मशीन हितं ठेवा."

"मशीन माझं आहे आत्या," मी म्हणालो.

"मग सायबाकडून घे दुसरं."

दामल्यांनी तिथल्या तिथे मान डोलावली. त्यांना तर वाजणाऱ्या गाण्याशी काही देणंघेणंच नव्हतं. लेबल खरं, मुलामा खरा, खुश! उतरताना फ्रेम त्यांनी स्वतः उराशी धरून आणली. एकदाही बसले नाहीत.

तेव्हापासून माझं गिऱ्हाइकांना एकच सांगणं असे. बक्षिसाची रेकॉर्ड भिंतीवर टांगा. ऐकायची असेल तर दुकानातून साधी न्या.