चिकटलेली पानं

शाळेतल्या बाईंनी एका दुपारी मला बोलावून माझ्यासमोर मनूच्या पुस्तकातली चित्रं कोऱ्या कागदाने झाकली, आणि माझ्या मुलीला वाचता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. तिसरीतली पोर. तोपर्यंत ती हिंदीचे धडे खडाखड वाचून दाखवायची, जिथे थांबायचं तिथे थांबायची, वेळेवर पान उलटायची आणि मी स्वयंपाकघरातून कौतुकाने ऐकायचे. चित्रं झाकल्यावर हा धडा कोणता तेच तिला कळेना. ती पानाकडे बघत राहिली, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. वर्गात दुसऱ्या मुली वाचायच्या ते ऐकून तिने सगळं पाठ केलं होतं. बाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. "घर पे थोड़ा बिठाइए इसको," एवढंच म्हणाल्या. मी मान डोलावली खरी, पण बसमध्ये मनूचा हात धरायचंही मला सुचलं नाही.

आमचे हे फौजेत हवालदार आहेत. त्यांची पलटण दसऱ्यानंतर सीमेवर गेली आणि मी नि मनू जयपूरच्या लष्करी वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये मागे राहिलो. शेजारी कोल्हापूरकडचं एक कुटुंब होतं, त्यांचीही बदली झाली. त्यांच्या दाराला कुलूप लागलं आणि माझं मराठी बोलणं जवळजवळ बंद झालं. भाजीवाल्या भैयाशी हिंदी, शाळेत हिंदी, वसाहतीतल्या बायकांशी हिंदी. मनूही माझ्याशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते. ह्यांचा फोन आठ-दहा दिवसांतून एकदा यायचा, तोही मध्येच तुटणारा. तेवढ्या वेळात रडगाणं काय गायचं, म्हणून मी 'सगळं छान आहे' म्हणायचे.

निघताना ह्यांनी मनूला एक बंद पाकीट दिलं होतं. आत मराठीत लिहिलेलं पत्र होतं. "हे तुझं तू वाचायचं. आईला दाखवायचं न्हाई. वाचून झालं की मला सांगायचं," असं तिला बजावलं होतं. मुलगी वाचते यावर त्यांचाही माझ्यासारखाच विश्वास होता. मनूने ते पाकीट देवघरात गणपतीच्या मागे उभं करून ठेवलं. मी विचारलं की म्हणायची, "बाद में वाचणार." ती एवढं जपून का ठेवतेय, ते मला शाळेतल्या त्या दुपारनंतर समजलं. प्रत्येक फोनवर ह्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा, "वाचलं का गं माझं पत्र?" आणि मनू फोन माझ्या हातात देऊन पळायची.

मग मी तिला घरी शिकवायला बसले. मला धीर कमी, हे माझ्या माहेरचे आणि सासरचेही सांगतील. आधी प्रेमाने, मग दात-ओठ खात. अक्षराला अक्षर जोडताना ती पहिलं विसरायची. 'म' पाहून 'भ' म्हणायची. पहिलं अक्षर ओळखलं की पुढचा शब्द अंदाजाने ठोकून द्यायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायची. बरोबर की चूक, ते ती माझ्या कपाळावर वाचायची. तेवढं मात्र तिला फार चांगलं वाचता येत होतं. एकदा मी तिच्या बोटांवर पट्टी मारली. ती रडली नाही, हात पाठीमागे नेऊन तशीच बसून राहिली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एका सकाळी ती शाळेत गेल्यावर मी देवघरातलं पाकीट हातात घेतलं. विचार असा होता की वाफेवर अलगद उघडावं, पत्र वाचावं, तिच्याकडून पाठ करून घ्यावं आणि ह्यांना फोनवर म्हणून दाखवायला लावावं. म्हणजे तेही खूश, तीही सुटली. चहाचं पाणी उकळत होतं. तेवढ्यात मनू परत आली, डबा विसरली होती. माझ्या हातात पाकीट बघून ती दारातच थांबली. "मम्मी, ते माझं आहे," म्हणाली. मी ते मुकाट्याने जागेवर ठेवलं आणि तिला डबा दिला.

मी सासूबाईंना फोन केला. त्या साताऱ्याजवळच्या आमच्या गावी असतात. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध. "अगं, पारायणाला बस. एकवीस दिवस. मधी उठायचं न्हाई, कुणाशी बोलायचं न्हाई. देव काय आंधळा हाय व्हय?" लग्नात त्यांनीच दिलेली पोथी माझ्याजवळ होती. दर वर्षी एकदा तरी मी ती वाचायचे. खरं सांगायचं तर या घरात मोठ्याने येणारा मराठी आवाज तेवढाच उरला होता. शाळेला थंडीची सुट्टी लागायच्या बेतात होती. मनूला वाचता येऊ दे, असा संकल्प सोडून मी रोज सकाळी आंघोळ करून पाटावर बसू लागले. मनू कधी पुस्तक घेऊन यायची, काही विचारायची. मी वाचता वाचताच हाताने 'गप्प' अशी खूण करायचे. ती मागे जाऊन बसायची.

पंधरावा दिवस असेल. सुट्टी सुरू झाली होती, म्हणून मनू रजई गुंडाळून माझ्या शेजारी येऊन बसली. अध्याय निम्म्यावर आला असेल, तेव्हा ती एकदम म्हणाली, "मम्मी, तू दोन पेज एकदम पलटलेस." मी खूण केली. ती थांबली नाही. "दोन पेज चिपकलेले आहेत, बघ ना. फिर भी तू थांबली नाहीस. मतलब... तुला पण पाठच आहे?"

मी खाली पाहिलं. तुपाच्या बोटांनी दोन पानं एकमेकांना चिकटली होती. माझ्या तोंडी जो प्रसंग चालला होता, तो त्या दोन पानांच्या आत राहिला होता आणि समोर भलताच मजकूर होता. मला पत्ताही नव्हता. तोंड चालू होतं आणि डोक्यात गॅस सिलिंडर कधी येणार, ह्यांचा फोन का आला नाही, हे चाललं होतं. मनूला अक्षर कळत नव्हतं, पण पाठ म्हणणाऱ्याची सगळी मदार पान कधी उलटायचं यावर असते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! तिच्या आवाजात मला हिणवणं नव्हतं. उलट तिला आनंद झाला होता. आपल्यासारखंच आणखी कुणीतरी या घरात आहे, असा. त्या आनंदाचीच मला जास्त लाज वाटली. किती वर्षं मी देवासमोर हेच करत आले होते, आणि वर त्याच्याकडे मागत होते काय, तर पोरीला वाचायला येऊ दे. मी पोथी मिटली. पारायण मोडलं. सासूबाईंना सांगायची हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी बुधवार होता. आमच्याकडे गणपतीचा वार मंगळवार, जयपुरात बुधवार. मोडलेल्या पारायणाची माफी मागावी म्हणून मी मनूला घेऊन इथल्या मोती डूंगरीच्या गणपतीला गेले. तोबा गर्दी. बायकांच्या रांगेत लोखंडी कठडे, पुढे जाता येत नाही नि मागेही फिरता येत नाही. मनू कंटाळली आणि कठड्याखालून निघून समोरच्या पायरीवर जाऊन बसली, माझ्यापासून चार-पाच हातांवर. माझी नजर तिच्यावर होती.

तिच्याजवळ एक म्हातारी आली. विटक्या लाल ओढणीची, पायांत चांदीची जाड कडी, काखेत गाठोडं. तिने कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि मनूपुढे धरला. "बेटी, यो कागद बांच दे। म्हनै बांचबो कोनी आवै।" मला वाचता येत नाही, तू वाचून दे, असं ती म्हणत होती. एवढ्या गर्दीत, शिकल्यासवरल्या शेकडो माणसांत, तिने नेमकी माझीच मुलगी निवडली. मनूने माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी 'नको' म्हणाले, पण तिने कागद घेतला होता.

"सां... गा... ने... र," ती म्हणाली. म्हातारीने मान हलवली. मग, "पानी की टोकरी के पीछे." पाण्याची टोपली! मला न बघता कळलं की तिथे 'टंकी' असणार. नेहमीसारखी मी ओरडले, "टंकी! नीट बघ!" आणि त्याच क्षणी आरतीच्या घंटा सुरू झाल्या. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. रांग हलेना, कठडा ओलांडता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मनू वाचत होती आणि मला गप्प राहणं भाग होतं. मी नुसती बघत राहिले. म्हातारी कागदाकडे बघतच नव्हती, ती मनूच्या तोंडाकडे बघत होती. ती काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मग मनू कागदावर वाकली. तिचं बोट एकेका अक्षराखाली थांबत होतं, मागे येत होतं, पुन्हा पुढे जात होतं. तिने वर मान करून माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. म्हातारीच्या कपाळावर वाचण्यासारखं काही नव्हतंच, उत्तर कागदातच शोधावं लागणार होतं.

रांग पुढे सरकली तेव्हा मी गाभाऱ्यासमोर होते. हात जोडले, पण मान मनूकडे वळलेली. मूर्ती मी पाहिलीच नाही. बाहेर येईपर्यंत म्हातारी निघून गेली होती. मनूच्या मुठीत दोन बत्तासे होते. ती एका दमात सांगत सुटली. आजीच्या मुलीला बाळ झालं होतं, सांगानेरला तिच्या घराचा पत्ता होता तो. पाण्याच्या टाकीच्या मागे, निळ्या दरवाजाचं घर. "मी टोकरी बोलली ना, तो दादी म्हणाली, टोकरीच्या पाठीमागे घर कैसे असणार? मग मी फिरसे बघितलं." आजीने तिच्याकडून पत्ता तीनदा वाचून घेतला आणि पाठ केला. जाताना मनूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली की आता मी हरवणार नाही.

ती कोण होती, हे मी कधी ठरवलं नाही. गावाकडून लेकीचं बाळंतपण बघायला आलेली एक आजी होती, आणि मला तेवढं पुरे आहे. देवाने मदतीला कुणीतरी पाठवावं म्हणून मी पंधरा दिवस बसले होते. आलं ते माणूस मदत मागायला आलं, आणि माझ्याकडे नाही, माझ्या मुलीकडे आलं. त्या घंटा नेमक्या तेव्हाच का वाजल्या, हे मी कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर एका रात्रीत काही बदललं, असं मी सांगणार नाही. बाईंच्या ओळखीने एका डॉक्टरांना दाखवलं. त्या डॉक्टर म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, अक्षरं तिच्या डोक्यात पोचायची वाट जरा लांबची आहे, घाई करू नका. मी पट्टी माळ्यावर टाकली. मनू वाचायला बसली की मी मटार सोलायला घ्यायचे आणि तिच्याकडे पाठ करायचे. चुकली तरी बोलायचे नाही. अर्थ लागला नाही की तिचं तीच "रुक, रुक" म्हणून मागे जायची. ती चिकटलेली पानं आम्ही दोघींनी मिळून सुटी केली, एक कोपरा जरा फाटला. पोथीतल्या रोज दोन ओळी ती बोट ठेवून वाचायची आणि विचारायची, "याचा मतलब काय?" निम्म्या वेळा मलाही सांगता यायचं नाही. मग सासूबाईंना फोन. पारायण मोडल्याचं मी त्यांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "पोरगी वाचतीया न्हवं? मग मोडलं कुठं?" आणि मला रडू आलं.

होळी होऊन गेली होती. एका दुपारी मनू देवघरापाशी गेली, पाकीट घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसली. मी भांडी घासत होते. आतून आवाज येऊ लागला. एक शब्द, थांबणं, पुन्हा तोच शब्द. मग एक अख्खं वाक्य, पण अस्पष्ट. माझे पाय आपोआप दाराकडे वळले. महिनोन् महिने ह्यांचा नीट एक शब्द कानावर नव्हता. दाराला कान लावला असता तर त्यातलं थोडं माझ्याही वाट्याला आलं असतं. मी दारापर्यंत गेले. मग त्या घंटा आठवल्या. परत फिरले आणि मोरीतला नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात मला काही म्हणजे काही ऐकू येईना. हातातलं एकच पातेलं मी किती वेळ घासत होते कुणास ठाऊक.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि ती हसत होती. मला मागून मिठी मारून उभी राहिली. पाकीट तिने दप्तरात ठेवलं, देवघरात नाही. चार दिवसांनी ह्यांचा फोन आला. मी तो मनूकडे दिला. "पप्पा, वाचलं," ती म्हणाली. "सगळं. मी खुद." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, नेहमीसारखा फोन तुटला. तो तुटला नव्हता.

त्यानंतरच्या बुधवारी मी एकटीच मोती डूंगरीला गेले. काही मागायला नाही. रांगेत उभी राहिले, आणि या वेळी गाभाऱ्यासमोर मान वर करून मूर्ती नीट पाहिली. शेंदरात माखलेले ते मोठे डोळे किती शांत आहेत, हे मला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं. पत्रात काय होतं, ते मला आजही माहीत नाही.