आपल्याला, तुम्हांला

मेल्विना डर्नफर्डनं पाद्री व्हायला चक्क नकार दिला आणि ग्रे टिकलमधली झाडून सगळी माणसं तिच्यावर रुसली. गावात माणसं ती किती, आणि त्यांतली अर्धी तिच्या नात्यातली. तरी दुकानात तिला बघून बायका डबाबंद दुधाच्या किमतीत अचानक फार रस घ्यायला लागल्या. ट्रायफीना मावशीनं तर तोंडावरच सांगितलं, "पोरी, तू माझ्या जिवावर उठलीयस."

मावशीचा राग खरा होता. ग्रे टिकलला स्वतःचा पाद्री मिळून जमाना लोटला. रेव्हरंड मोल्टन किनाऱ्यावरची गावं बोटीनं फिरत. धुकं पडलं, वारा सुटला, की त्यांचा रविवार दुसऱ्याच कुठल्या धक्क्यावर जाई. ते नसत तेव्हा उपासना चालवायची वाचकानं. वाचक म्हणजे गावातलंच माणूस, बिशपनं परवाना दिलेलं. मेल्विना मासळीच्या कारखान्यात माशांची पोटं फाडायला जात होती तेव्हापासून ती गावची वाचक. शनिवारी हाताचा वास जाईपर्यंत हात घासायची आणि रविवारी पांढरा झगा चढवून उभी राहायची.

वाचकाला जवळजवळ सगळं करता येतं. प्रार्थना, धर्मशास्त्राचं वाचन, बेताचं प्रवचन. दोनच गोष्टी येत नाहीत. एक म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस त्याला पवित्र करता येत नाही. मावशीचं अडलं होतं ते त्यापायी. दुसरी गोष्ट एका शब्दाची. मंडळीनं पापं कबूल केली की पाद्री हात वर करून म्हणतो, "देव तुम्हांला क्षमा करो." वाचकानं तसं म्हणायचं नाही. त्यानं म्हणायचं, "देव आपल्याला क्षमा करो." म्हणजे त्याच्यासकट सगळ्यांना; तो क्षमा वाटणाऱ्यांतला नसतो, रांगेत उभं राहून घेणाऱ्यांतला असतो.

मेल्विनाला हा 'आपल्याला' फार आवडायचा. त्यात तिला बसायला जागा होती. आणि खरं सांगायचं तर लपायलाही होती. बायकांना वाटायचं ती लाजते, पुरुषांना वाटायचं तिला अभ्यासाचा कंटाळा. नकाराचं खरं कारण दर रविवारी पहिल्या बाकावर बसलेलं असायचं, नाकावर चष्मा आणि प्रार्थनापुस्तकावर बोट ठेवून.

तो गार्लंड डर्नफर्ड, तिचा दीर आणि चर्चचा कारभारी. कारभारी दोन असतात. एक पाद्री नेमतो, एक लोक निवडतात. गार्लंड लोकांचा. छप्पर गळलं, शेगडी विझली, पाद्रीबुवांचा कोट धक्क्यावर राहिला, सगळं गार्लंडनं निस्तरायचं. माणूस सरळ, पण नियमाला असा चिकटलेला की देवालाही त्यानं आधी विचारून मग आत घेतलं असतं. मेल्विना एक शब्द गाळो, त्याचं बोट पुस्तकावर थबकायचं. तिला ते वेदीपासून दिसायचं.

पण तिचा राग त्या बोटावर नव्हता. तिचा नवरा ॲब्सलम, गावाचा ॲब, एका मार्चमध्ये स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर बूट काढता काढता गेला. गार्लंडचा तो धाकटा भाऊ. समुद्रात बर्फ आलेलं, बोट बंद, मोल्टनसाहेब पार पलीकडे अडकलेले. मेल्विनानं ठरवलं, अंत्यविधी आपणच वाचायचा. पाद्रीनं परवानगी दिली तर वाचकाला तो वाचता येतो, आणि ॲबला तिचा आवाज ठाऊक होता. परवानगीचा फोन कारभाऱ्याच्या घरी यायचा. गार्लंडनं फोन ठेवला, टोपी घातली आणि येऊन तिला सांगितलं, "थांबायचंय. ते स्वतः येतील तेव्हाच."

मग ॲबची शवपेटी गार्लंडच्या जाळ्यांच्या शेडमध्ये ठेवली, कारण घरात शेगडी आणि शेडमध्ये थंडी. जवळजवळ आठवडाभर. मेल्विनाच्या खिडकीतून ती शेड समोर दिसायची. चहा ओतताना दिसायची, भांडी घासताना दिसायची. आपलं माणूस कुजक्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी पडलंय आणि आपल्याला त्याच्यासाठी चार ओळी वाचता येत नाहीत, हे तिला सहन झालं नाही. पाद्रीनं नाही म्हटलं ते म्हटलं. पण गार्लंडनं तिच्या बाजूनं एक शब्द टाकला असता तर? बाईनं भावाला मातीत घालावं हे त्याला रुचलं नसणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं आणि त्यावर एक अक्षर बोलली नाही. गार्लंडच्या वाढदिवसाला दर वर्षी केक मात्र केला. आमच्याकडे राग धरायची हीच रीत आहे. केक द्यायचा आणि बसायचं नाही.

त्यानंतर वर्षं गेली. बिशप आले, पोरांना दृढीकरण देऊन मंडळीत पक्कं केलं आणि चर्चच्या हॉलमध्ये चहाच्या वेळी म्हणाले, पाद्री कमी पडतायत, तेव्हा यापुढे गावागावानं आपलंच माणूस पुढे करावं. सगळ्यांनी मेल्विनाकडे बघितलं. उभा राहून तिचं नाव घेतलं ते गार्लंडनं. मेल्विनानं हातातली बशी खाली ठेवली. ती नाही म्हणाली आणि कप विसळायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बोट सुटायच्या आधी बिशपनं तिला धक्क्यावर गाठलं. माणूस स्वतः कोळ्याच्या घरातला, आडून बोलायची सवय नव्हती. कारण काय म्हणून विचारलं, आणि तिनंही सांगून टाकलं, "एका माणसाला मला तो शब्द म्हणता येणार नाही, साहेब. 'आपल्याला' म्हणते त्यात तो गर्दीत खपून जातो. 'तुम्हांला' म्हटलं की त्याच्याकडे बघावं लागेल."

"एकच माणूस?" बिशप म्हणाले. "नशीबवान आहेस. मला धर्मप्रांताच्या अख्ख्या समितीला म्हणता येत नाही. तरी म्हणतो. क्षमा माझी नसते, मेल्विना. मी नुसता पोचवतो."

"पोचवणाऱ्यालाही दार ठोठावावं लागतं," ती म्हणाली.

"ते खरं," बिशप म्हणाले. त्यांनी टोपी उचलली आणि बोटीत चढले. मला तो माणूस त्या दिवसापासून आवडतो.

तिचा नकार मोडला तो ट्रायफीना मावशीनं. त्या हिवाळ्यात मावशीनं अंथरूण धरलं. मोल्टनसाहेबांची बोट दोनदा निघाली आणि दोनदा परत फिरली. मेल्विना वाटाण्याचं सूप घेऊन गेली, उशी सरळ केली, चमचा पुढे धरला. मावशीनं तोंड भिंतीकडे केलं.

"सूप नकोय मला," मावशी म्हणाली. "सूप देणारी माणसं गावात पुष्कळ आहेत."

मेल्विना त्या दिवशी घरी गेली ती थेट फोनपाशी, बिशपना होकार कळवायला. मावशी पुढे बरी झाली, म्हातारी फार चिवट. तिनं नंतर कधी कबूल केलं नाही की तेव्हा तिचा ताप उतरलेला होता. मेल्विनानं विचारलंही नाही.

मग अभ्यास, धर्मप्रांताची शिबिरं, आणि आधी डीकनची, म्हणजे पाद्रीच्या खालच्या पायरीची, दीक्षा. डीकनलाही 'आपल्याला'च म्हणावं लागतं हे कळल्यावर मेल्विनाला इतकं हायसं वाटलं की ती जन्मभर डीकन राहिली असती. पण वसंतात बिशप पुन्हा आले. ही बाई तुम्हांला पाद्री म्हणून हवी आहे का, असं त्यांनी रीतीप्रमाणे मंडळीला विचारलं. सगळ्यांत मोठा होकार पहिल्या बाकावरून आला. तिच्या डोक्यावर बिशपचा हात होता, आजूबाजूला बायका रडत होत्या, आणि हिला आपल्या दिराच्या होकाराचा राग येत होता. तो तिनं तसाच गिळला.

तिच्या पहिल्या रविवारी चर्च भरलं. दुसऱ्या पंथाचे मेथडिस्टसुद्धा आले, बघायला. मावशीला खुर्चीत बसवून आणलं. सगळ्यांनी मिळून पापांची कबुली म्हटली आणि मेल्विनानं हात वर केला. आदल्या दिवशी तिनं मांजरापुढे सराव केला होता. मांजराला म्हणणं सोपं गेलं होतं.

"देव आपल्याला," ती म्हणाली, "क्षमा करो."

कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण गार्लंडचं बोट थांबलं. त्याला आताशा कमी ऐकू यायचं, त्यामुळे आपण हळू बोलतोय अशी त्याची समजूत असायची.

"तुम्हांला," तो म्हणाला.

मागं कुणीतरी खुसखुसलं. मेल्विनाचे कान तापले. तिनं पुन्हा सुरुवात केली, या वेळी बरोबर म्हणाली, मावशीकडे बघून म्हणाली, बायकांकडे बघून म्हणाली, अगदी मेथडिस्टांकडेसुद्धा बघून म्हणाली. पहिल्या बाकावरून तिची नजर उडी मारून गेली. पुढचं सगळं नीट पार पडलं. मावशीनं भाकर तोंडात घेतली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघून मेल्विनाला एवढा आनंद झाला की तिला पुढची ओळ सापडेना.

उपासना संपल्यावर सगळे हॉलमध्ये चहाला गेले. मेल्विना वेदीमागच्या खोलीत झगा उतरवत होती. गळ्यातला पाद्रीचा पट्टा तिनं खिळ्याला अडकवला. तेवढ्यात गार्लंड आत आला आणि दार लोटून उभा राहिला. तिला वाटलं, आता तो चुका मोजणार.

"मघाशी तू माझ्याकडे बघितलं नाहीस," तो म्हणाला.

"दिवस माझा आहे आज, गार्लंड. आज नको."

"आजच. मोल्टनसाहेबांनी तुला वाचू दे म्हणून सांगितलं होतं."

"काय वाचू दे?"

"ॲबच्या वेळी. फोनवर. म्हणाले, मेल्विनाला वाचू दे, तिचा हक्क आहे. थांबायला मी सांगितलं. माझ्या मनानं."

मेल्विना खुर्चीवर बसली. इतकी वर्षं तिनं ज्याचा राग केला होता ते घडलंच नव्हतं. जे घडलं होतं ते त्याहून वाईट होतं. लोकांनी निवडलेला, पुस्तकावर बोट ठेवणारा हा माणूस तिच्या दारात उभा राहून खोटं बोलला होता. पाद्रीलाही त्यानं घरच्यांनाच थांबायचंय असं सांगितलं असणार, म्हणून ते कधी काही बोलले नाहीत.

"का?" तिनं विचारलं.

गार्लंड खिडकीकडे बघत राहिला. "तू वाचलं असतंस तर त्याच दुपारी त्याला पुरावं लागलं असतं," तो म्हणाला. "मी रोज शेडमध्ये जायचो. त्याच्याजवळ बसून जाळी दुरुस्त करायचो. कॉड मासा धरायला सरकारची बंदी आलेली, त्या जाळ्यांचा कुणाला उपयोग होता? पण आम्ही दोघं लहानपणापासून तिथेच बसायचो. मला थोडे दिवस हवे होते."

"मलाही हवे होते. समोर खिडकीत उभी असायचे मी."

"हो," तो म्हणाला. "ते मला दिसायचं."

मेल्विनाला राग आला, नवा कोरा, ताजा राग. खिळ्यावरचा पट्टा ओढून त्याच्या अंगावर फेकावा असं वाटलं. त्याच वेळी थंडगार शेडमध्ये भावाच्या पेटीशेजारी बिनकामाचं जाळं विणत बसलेला हा म्हातारा तिला दिसला आणि तिला रडू फुटलं. दोन्ही एकदम आलं. कुठलं खरं आणि कुठलं खोटं असं नव्हतंच.

"हे उलटं झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी कबुली द्यायची असते, मग क्षमा घ्यायची. आणि तू मला पुस्तक शिकवतोस."

"म्हणूनच आलो. मघाची मी धरत नाही. तुला ठाऊक नव्हतं तू कशाची देतेयस." त्यानं टोपी दोन्ही हातांत धरली. "परत म्हण."

तिनं नाही म्हणायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं; निदान हॉलमधला चहा होईपर्यंत तरी. पण तिनं पट्टा खिळ्यावरून काढला आणि गळ्यात घातला. गार्लंडला गुडघे टेकवत नव्हते, म्हणून तो टेबलाला धरून वाकला. मेल्विनानं हात वर केला आणि या वेळी त्याच्याकडे बघितलं. आमच्या इंग्रजीत एका माणसाला आणि अख्ख्या गावाला शब्द एकच आहे, पण ती जे म्हणाली ते मराठीत असंच सांगावं लागेल.

"देव तुला क्षमा करो," ती म्हणाली.

"आमेन," गार्लंड म्हणाला. मग सरळ होत त्यानं विचारलं, "आणि तू? तू करतेस क्षमा?"

"तू हो पुढे," मेल्विना म्हणाली. "मी येते मागून."

तो दारापर्यंत गेला आणि दार धरून तिच्यासाठी थांबला.