आसरांच्या विहिरीचं कुंकू

प्रभादेवीच्या खालच्या अंगाला असलेल्या कोळीवाडीत गुणवंती नाखविणीपुढे आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. बाई अंगानं आडवी, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. माशांची पाटी डोक्यावर घेऊन परळच्या चाळींत शिरली की गिऱ्हाईक आपणहून दाराशी येई. नवरा धोंडू होडीवर नाखवा म्हणवून घ्यायचा. पण वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की सुकाणू कुणाच्या हाती आहे. तिच्या बोलण्यात 'ठाऊक नाही' हे दोन शब्द कधी येत नसत. ते एकदा वेळेवर आले असते तर ही हकिगत सांगायची वेळच आली नसती.

वाडीच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर होती आणि तिच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड. या साती आसरा, पाण्याच्या देवता. त्यांची पूजा गुणवंतीच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वाडीतली बाळंतीण बाराव्या दिवशी पोराला घेऊन विहिरीवर यायची, आसरांची ओटी भरायची, मग गुणवंती तांब्याभर पाणी काढून त्यात बुडवलेलं बोट पोराच्या जिभेला लावायची. तोवर ते पोर वाडीचं नव्हे. गिरणीच्या चाळीपाशी सरकारी नळ आला होता, पण नळाच्या आत चामड्याची चकती असते असं ऐकल्यापासून वाडीनं त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

अठराशे ब्याण्णवच्या सुमारास माडांच्या बागेपलीकडे एका गिरणीचा रंगखाता उभा राहिला. सूत लाल रंगात बुडवून वाळत घालायचे. पुढच्या वर्षी पावसाळा सरला आणि विहिरीच्या पाण्यावर गुलाबी झाक दिसू लागली. बाया घागरी कमरेवर घेऊन तशाच थबकल्या. म्हाताऱ्या पुतळाबाईनं ओंजळीतलं पाणी खाली सोडलं.

"काय गो ह्ये, गुणवंती? प्यायाचं का नाय?"

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. गुणवंतीला त्यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं. पण तिनं पदर खोचला, ओंजळ भरली आणि घटाघटा प्याली.

"आसराआयनं कुंकू लावलंय," ती म्हणाली. "आपल्या वाडीवर खूश झालीय ती."

झालं. वरळीहून, वडाळ्याहून बाया नारळ घेऊन यायला लागल्या. कुणाला मूल हवं, कुणाला नवऱ्याची दारू सुटायला हवी. गुणवंती सगळ्यांच्या हातावर तीर्थ घालायची. खोटं कशाला बोलू, ते दिवस तिच्या सुखाचे होते.

मग विहिरीतले मासे मेले. पाणी निवळ राहावं म्हणून वाडीनंच ते सोडले होते. गुणवंतीनं एक उचलला आणि सवयीनं त्याचा कल्ला उघडून पाहिला. जन्म गेला होता तिचा कल्ले बघण्यात, पण असा राखाडी, शेंबडासारखा चिकट थर तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं बोट पदराला पुसलं. पण बाया बघत होत्या. तिनं मासा खाली ठेवला आणि म्हणाली, "आयनं आपला निवद घेतला."

तिची सून शेवंती तेव्हा पोटुशी होती. रोज सकाळी गुणवंती स्वतःच्या हातानं तिला पेलाभर तीर्थ पाजायची. सातव्या महिन्यात पोर मेलेलंच आलं. शेवंतीचे तळहात हळूहळू खरखरीत झाले, त्यांवर चामखिळीसारखे कठीण दाणे आले, अंगावर काळे ठिपके उठले. "तुजी भक्तीच पातळ," सासू म्हणाली आणि पेला मोठा केला.

पंचाण्णव साली शेवंतीला मुलगा झाला. एवढासा, पण जिवंत. रघू, गुणवंतीचा लेक, वेड्यासारखा हसत वाडीभर गूळ वाटत फिरला. गुणवंतीनं नातवाला पदराखाली घेतलं आणि कधी नव्हे ती सगळ्यांसमोर रडली.

बारावा दिवस तोंडावर आला होता तेव्हा ती पाटी घेऊन रंगखात्याच्या मागच्या फाटकाशी गेली. तिथं काम करणारा विठोबा मालवणकडचा, तिचं जुनं गिऱ्हाईक. तो बांगडे निवडत होता तोवर तिला मागचा खड्डा दिसला. कुंडांतलं उरलेलं लाल पाणी त्यात ओतत होते. तो वास तिच्या ओळखीचा होता; भल्या सकाळी तिच्या घागरीला यायचा तोच. ती वाकून बघायला गेली.

"नाखविणी, हात लावू नको हां!" विठोबा ओरडला. "तेच्यात सोमल आसा. सायबान सांगितल्यान, कुत्रोसुद्धा फिरकाक देव नको."

"ह्यातलं पाणी जातं कुठं रे?"

"खंय जातला? जमिनीत जिरता. म्हणान तर रोज नव्यान ओतूक जागा गावता."

उंदरांना घालायचा सोमल. गुणवंतीनं खड्ड्याकडे पाहिलं, मग माडांच्या पलीकडे आपल्या वाडीकडे. तिला ते मेलेलं पोर आठवलं. पाटी तिथंच टाकून ती घरी आली.

बाराव्या दिवशी सगळी वाडी विहिरीवर जमली. शेवंतीनं ओटी भरली. पुतळाबाईनं तांब्या पुढे केला. गुणवंतीनं तो घेतला नाही.

"हे पाणी वंगाळ हाय. रंगखात्याचा सोमल उतरलाय त्यात. कुणी पिऊ नका."

आधी कुणीतरी हसलं. मग पुतळाबाई म्हणाली, "आयचं कुंकू कोण बोललं? तूच ना गो? आमी समदी तुज्या शबदावर प्यालो."

"मी खोटं बोलले. मला काय बी ठावं नव्हतं."

"नातू झाला तर माज चढला हिला," मागून आवाज आला. रघू शरमेनं लालेलाल झाला. पुतळाबाईनं बोट तांब्यात बुडवलं आणि पोराकडे वळली.

बाळंतपणाची विटाळाची फडकी त्या दिवशी दर्यात सोडायची म्हणून दारात बांधून ठेवलेली असतात. गुणवंतीनं धावत जाऊन ते गाठोडं उचललं आणि सगळ्यांदेखत विहिरीत फेकलं. सोमल कुणाला कळत नव्हता. विटाळ सगळ्यांना कळत होता. बाटलेल्या विहिरीचं पाणी आता कुणी तोंडात घालणार नव्हतं. पुतळाबाईच्या हातून तांब्या निसटला.

वाडीनं तिला वाळीत टाकलं. धोंडू ओट्यावर निजू लागला. एकट्या शेवंतीनं स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले आणि सासूनं सांगितल्यावर पोराला घेऊन वरळीला माहेरी गेली. वाडी नाक मुरडत नळावर जाऊ लागली. पोरांना गेली दोन वर्षं लागलेल्या ओकाऱ्या थांबल्या, चारा सोडलेली गुरं चरू लागली. गुणवंती शिव्या खात होती, पण तिला रात्रीची झोप लागत होती.

मग पंचांनी विहीर शुद्ध करायची ठरवली. सगळं पाणी उपसलं, गाळ काढला, गोमूत्र शिंपडलं आणि सगळे काठावर बसून राहिले. रंगखात्याच्या अंगाचे झरे फुटले. पूर्वी पाण्याला नुसती झाक होती; आता ते डाळिंबाच्या रसासारखं लाल आलं.

एकच जयजयकार झाला. आई परतली होती, आणि पहिल्यापेक्षा प्रसन्न होऊन! भगताच्या अंगात आलं. "ज्या पोराच्या विटाळानं मला बाटवलं," तो घुमत म्हणाला, "पयलं पाणी त्याच्या मुखात. नायतर पोर माजं."

रघूनं कळशी भरली. गुणवंती त्याच्या पायांवर पडली. "बाबा, माजं एवढं ऐक. तवा खोटं बोलले, आता खरं बोलतेय."

रघूच्या डोळ्यांत पाणी होतं. आईवरचा राग कधीच सरला होता. त्याला आता फक्त पोराची भीती वाटत होती. "आये, माजं एकच पोर हाय," एवढं म्हणून त्यानं वरळीकडे होडी लोटली.

वारा दक्षिणेचा होता, शीड टम्म फुगलं. गुणवंती किनाऱ्यानं पळत सुटली. खडकांवर आपटली, गुडघे फुटले, पदर चिखलात लोळला. ती वरळीच्या वाडीत पोचली तेव्हा व्याह्यांच्या दारात माणसं जमली होती, हळदकुंकू वाटलं जात होतं. शेवंतीला तिच्या भावांनी कोपऱ्यात धरून बसवलं होतं आणि ती पोराकडे जायला धडपडत होती. पोर रघूच्या मांडीवर होतं. त्याच्या ओठांना लाली लागली होती.

आईला बघून रघू उठला. त्यानं तिला आधार देऊन बसवलं, तिच्या गुडघ्याचं रक्त आपल्या मुंडाशानं पुसलं.

"घाबरू नको, आये," तो मायेनं म्हणाला. "आता रोज आणीन."