भिंतीवरचा तीर्थाचा फोटो

माझा राग लवकर जात नाही. घरातले याला खोड म्हणतात, मी स्मरणशक्ती म्हणते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निडी स्टेशनापासून थोडं आत एका गृहस्थांनी जांभळाची आणि करवंदांची वाइन करायला घेतली होती. आधी ते रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होते. निवृत्त झाल्यावर आंब्याच्या चार झाडांमागे शेड घातली, आत पिंपं मांडली आणि पुढच्या खोलीवर पाटी लावली, ‘चवखोली’. तिथे पाहुण्यांनी बसायचं, छोट्या ग्लासातून तीन तऱ्हेची वाइन चाखायची, नको असेल तर चूळ भरल्यासारखी पितळी घंगाळात टाकायची आणि आवडली तर बाटली न्यायची. मी आधी बाटल्या धुवायला होते, मग वाइन ओतायला पुढे आले. पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावातून एसटीने रोज जायची.

गावात कोणीतरी वडिलांच्या कानात घातलं की पोरगी गुत्त्यावर कामाला आहे. वडील मिठागरात राबलेले, दारूला कधी न शिवलेले. एका शनिवारी धुतलेला सदरा घालून, मालकांसाठी पिशवीभर मीठ घेऊन स्वतःच बघायला आले.

मालकांनी त्यांना खुर्ची दिली, शेड हिंडवून दाखवली. कौतुकाने म्हणाले, “थोडंसं घ्या, चव बघा,” आणि बाटली वाकडी केली. नाही म्हणणं वडिलांना जमेना, मुलीचे मालक पडले. पण एवढंसं कोण देतं? आमच्याकडे देवळातला पुजारी देतो. वडिलांनी उजवा हात पुढे केला, तळव्याचा खळगा केला, डोळे मिटून घोट घेतला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

खोलीत रोह्याचा एक कंपनीवाला साहेब पाहुणे घेऊन बसला होता. दर शनिवारी यायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची, मनात मात्र अरे-तुरेच. तो आधी खो खो हसला, मग उठून गाडीतून कॅमेरा घेऊन आला. “काका, परत एकदा! तस्संच!” वडिलांना वाटलं, या लोकांना आनंद झाला आहे. तेही हसले, आणि त्यांनी परत हात पुढे केला. मी बाटली धरून उभी होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, त्याची चीड मला अजून येते.

परतीच्या एसटीत नागोठणं आलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, “माजं कायतरी चुकलं का गो?”

“नाय,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पण ते पुन्हा कधी चवखोलीकडे फिरकले नाहीत.

पुढच्या महिन्यात साहेबाने तो फोटो मोठा करून, चौकट घालून आणला. खाली चिठ्ठी चिकटवली होती, ‘तीर्थप्रसाद’. स्वतःच्या हाताने खिळा ठोकून त्याने तो भिंतीवर लावला. मी मालकांना म्हटलं, “काढा तो, माझे वडील आहेत ते.” मालक माणूस म्हणून वाईट नव्हते, पण म्हणाले, “अगं, लोक प्रेमाने हसतात. हसलेलं गिऱ्हाईक बाटली घेतल्याशिवाय जात नाही.” मग जो येईल तो फोटो बघून माझ्यापुढे हात करायचा, “द्या, आम्हालाही तीर्थ द्या!” आणि मी त्या हातांवर वाइन ओतायची. तो फोटो त्याच साहेबाच्या हातून उतरवून घेईन, असं मी तेव्हाच ठरवलं.

तोवर जमेल तेवढं चालू होतं. बाटलीच्या तळाचा गाळ मी त्याच्यासाठी राखून ठेवायची. तो गाळ दातांवर घोळवून तो पाहुण्यांना सांगायचा, “याला म्हणतात वाइनची बॉडी.” तेवढ्यानेही माझा दिवस बरा जायचा.

वर्षभराने तो आला तेव्हा बरोबर कंपनीच्या मोठ्या कचेरीतले दोन वरिष्ठ होते, आणि त्याची आई. म्हातारी घाटावरच्या गावातून नुकती आलेली. नऊवारी, डोक्यावर पदर, नजर अगदी निर्मळ. “हिला साखर आहे,” साहेब मला म्हणाला, “जांभळाचं औषध आहे असं सांगितलंय. थोडीशी दे.”

मी वरिष्ठांना ग्लासातून दिली. साहेबाला त्याची बॉडी दिली. म्हातारीसाठीही ग्लास मांडलेला होता, तो मी बाजूला सरकवला. बाटली वाकडी केली आणि अगदी मालकांसारखंच म्हटलं, “थोडंसं घ्या आजी, चव बघा.”

हात आला. उजवाच, तसाच खळगा केलेला. तिने डोळे मिटले, घोट घेतला आणि ओला तळवा पदरावरून डोक्याला लावला.

“साहेब,” मी मोठ्याने म्हटलं, “कॅमेरा आणलाय ना? तिथे शेजारी जागा आहे.”

वरिष्ठांनी भिंतीकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. त्यांतला एक फस्सकन हसला आणि लगेच रुमाल तोंडाला लावून खोकल्याचं नाटक करू लागला. साहेबाचा चेहरा करवंदासारखा झाला.

“फोटू काढतोस व्हय रं?” म्हातारी खुशीत म्हणाली आणि पदर नीट करून बसली. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. “हे कोन?”

“माझे वडील.”

“त्यांनी बी घेतलं व्हय तीर्थावानी? बरं केलं.” तिने फोटोला हात जोडले.

त्या म्हातारीला मी हत्यार केलं, हे मला कळत होतं. कळूनही केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. साहेब उठला. खुर्चीवर चढून त्याने फोटो उतरवला आणि माझ्याकडे न बघता पुढे धरला. मी हात पुढे केला नाही.

“आधी ती चिठ्ठी काढा.”

त्याने नखाने ‘तीर्थप्रसाद’ खरवडून काढलं. दोन्ही वरिष्ठ बघत होते. मगच मी फोटो घेतला. अशी मस्त जिरली त्याची की एसटीत मी एकटीच हसत होते.

घरी वडिलांना फोटो दिला. तो भिंतीवर होता हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी ते सांगितलंही नाही. ते फोटो दारातल्या उजेडाला धरून बघत राहिले. सांगायचं म्हणून मी सांगितलं, “आज त्या सायबाची आई आली होती. तिने पण असाच हात पुढे केला.”

वडिलांनी वर पाहिलं. “सायबाची आई? असाच?”

“असाच. डोक्यावरून पण फिरवला.”

त्यांनी फोटो पुन्हा उजेडाला धरला. मग फोटोवरची धूळ सदऱ्याने पुसत म्हणाले, “म्हंजे माजं चुकलं नव्हतं.”

माझं हसू तिथेच थांबलं. वर्षभर हा माणूस एवढंच धरून बसला होता. फार स्वस्तात सोडलं मी त्या साहेबाला.