साताऱ्याची पोहोच

हे मी घरात सांगितलेलं नाही, ऑफिसात तर नाहीच. नवऱ्यासमोर कितीदा तोंडाशी आलं, आणि भाजीत मीठ कमी पडलंय का असं विचारून मी वेळ मारून नेली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. धीर आला म्हणून नाही — आता सहन होत नाही म्हणून.

सांगलीत बेघरांच्या एका निवाऱ्यात मी समन्वयक आहे. स्टँडवर, पुलाखाली, देवळाच्या पायरीवर सापडलेलं माणूस आमच्याकडे आणतात. मी फॉर्म भरते — नाव, गाव, नातेवाईक, तब्येत, डोकं ठिकाणावर आहे की नाही. मग ठरवते, याला ठेवून घ्यायचं, दवाखान्यात न्यायचं, की त्याच्या जिल्ह्यातल्या निवाऱ्यात पाठवायचं. लोक म्हणतात, पुण्याचं काम करता. मी हसते. तेवढं मला छान जमतं.

हौसाबाई तीन दिवस आमच्याकडे होत्या. साठीच्या असतील. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. अंथरूण ओलं करायच्या, आणि उठल्यासुटल्या फाटक वाजवून विचारायच्या, "मेढ्याची गाडी लागली का?" मेढा म्हणजे सातारा जिल्हा, जावळीचा डोंगर. चौथ्या दिवशी आमच्याकडे वरून तपासणी येणार होती. त्या ओल्या अंथरुणाचा वास, ते फाटक — मला त्या नको होत्या. झालं, सांगितलं.

आमचा नियम साधा आहे. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला एकटं पाठवायचं नाही. आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं, मग सोबत माणूस द्यायचा. माझ्याकडे माणूस नव्हता — बघा, अजून खोटं बोलतेय. माणूस होता. तो पडदे धूत होता, तपासणीसाठी.

मी फॉर्म घेऊन बसले. गाव? "मेढ्याच्या वर." भाऊ? "आनंदा." आज वार कुठला? त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमालाबी म्हाईत न्हाई व्हय?" मला हसू आलं. हसता हसता 'मानसिक स्थिती' समोर 'ठीक' वर खूण केली. हसता हसता? छे. मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतेय. भावाचं नाव हातात होतं, मेढ्याच्या पोलिसांना एक फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी भाऊ दारात उभा राहिला असता. पण दुसऱ्या दिवशी तपासणी होती ना.

आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरच्या भरवशावर डबे जातात, औषधं जातात, माहेरवाशिणीसुद्धा जातात. मीही तेच केलं. सकाळच्या सातारा गाडीत हौसाबाईंना खिडकीशी बसवलं, पदराला चिठ्ठी बांधली, आणि कंडक्टरला म्हटलं, साताऱ्याला उतरवा, आमची माणसं येतील. येणार कोण? साताऱ्याच्या निवाऱ्याला मी फोनच केला नव्हता. त्यांनी "आमच्याकडे जागा नाही" म्हटलं असतं तर?

तपासणी छान झाली. पडदे स्वच्छ होते.

चार दिवसांनी तोच कंडक्टर सांगली स्टँडवर भेटला. चेहरा पडलेला. "म्याडम, त्या बाई कराडला उतरल्या. च्या पिऊन येते म्हनाल्या. लय वाट बघितली, हाका मारल्या." पोलिसांना सांगू का, म्हणून त्यानेच विचारलं. त्या क्षणी सगळं सावरता आलं असतं. मी काय म्हणाले? "अहो, त्या मागच्या गाडीने पोचल्या की!" त्याने कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं. मी ऑफिसात आले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं — साताऱ्याहून फोनवर पोहोच मिळाली. अक्षर माझंच आहे. सुवाच्य आहे.

दोन महिन्यांनी आनंदा विचारत विचारत आमच्यापर्यंत आला. धाकटा भाऊ. ती भाताच्या लावणीच्या गडबडीत घरातून निघून गेली, हे सांगताना सारखा स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. मी त्याला रजिस्टर दाखवलं. तो साताऱ्याला गेला, परत आला. "ताई, तितं नाव न्हाई म्हनत्यात." मी म्हटलं, त्यांचं रजिस्टर नीट नसतं, सातारा शहरातच कुठेतरी असतील. कराड हा एक शब्द माझ्या जिभेवर होता. पण तो बोलले असते तर रजिस्टर खोटं पडलं असतं, फॉर्म खोटा पडला असता, नोकरी गेली असती. मी तो शब्द गिळला.

त्यानंतर तो दर दोन-तीन महिन्यांनी यायला लागला. साताऱ्याचं स्टँड, राजवाडा, सगळ्या देवळांच्या पायऱ्या — सगळं पालथं घातलं म्हणायचा. मी खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे, समोर वही उघडून त्याचं बोलणं टिपून घेतल्यासारखं करायचे. मी मात्र कराडला एकदाच गेले, भाचीच्या लग्नाला. स्टँडवरून मान खाली घालून चालले. आजूबाजूला पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि त्या दिसल्या असत्या तर — मला आनंद झाला असता का? खरं सांगते, मला भीती वाटली असती.

परवा आनंदा पुन्हा आला. चार वर्षांत पार म्हातारा झालाय. पिशवीतून नाचणी काढून टेबलावर ठेवली. "घरची हाय. आक्कासाटी तुमी लय केलं, ताई. आमी सख्खी असून आमाला जमलं न्हाई."

मी ती घेतली. घरी नेली, भाकरी केल्या. खाल्ल्या.

त्या दिवशी तो निघाला तेव्हा त्याला स्टँडपर्यंत सोडलं. साताऱ्याची गाडी लागलेली होती. प्रवासाचा त्रास होतो का, असं मी उगाच काहीतरी विचारलं. म्हणाला, न्हाई ओ, मधी कराडला गाडी थांबती, तितं उतरून च्या पितो. चार वर्षं, दर खेपेला, जाताना आणि येताना. तिथे उतरतो, चहा पितो, आणि कुणाकडेही न बघता परत गाडीत बसतो — कारण आक्का साताऱ्यात आहे, असं मी त्याला सांगितलंय.

त्याने खिडकीतून हात केला. मीही केला. गाडी सुटली.