दिवसा झोपणारं लेकरू

माझी देवावर श्रद्धा आहे, असं मी चारचौघींत सांगत असे. खरं पाहिलं तर माझा भरवसा होता तो दिव्यावर.

माझी पहिली मुलगी पंधरा दिवसांची होऊन झोपेतच गेली. त्या रात्री तेल संपून दिवा विझला होता आणि माझा डोळा लागला होता. मला कोणी बोल लावला नाही, मीच ते मनात धरून बसले. दोन वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा आमच्या गावदेवीला, मातामायला नवस बोलले: हे लेकरू राहू दे, त्याच्या उशाशी रात्रभर दिवा तेवत ठेवीन.

तेव्हा आम्ही दिग्रसला राहत होतो. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घरी सासूबाई आणि मी. वारं लागू नये, नजर लागू नये म्हणून सासूबाईंनी बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीत पोतं कोंबलेलं, दाराला गोधडी टांगलेली. भर दुपारी हाताला हात दिसत नसे. रात्री मात्र दोन दिवे, एक सासूबाईंचा आणि एक माझ्या नवसाचा.

लेकरू दिवसभर निपचित झोपे. दूध पाजायला घ्यावं तर दोन घोट घेऊन मान टाकी. मी घटकेघटकेला त्याच्या नाकाशी बोट धरी. रात्री तेच बाळ टक्क डोळे उघडून दिव्याकडे बघत राही, मग रडून रडून घर डोक्यावर घेई. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, अंगारा लावला. उपयोग शून्य. मला तर झोपायचीच भीती वाटे. तेराव्या दिवशी सकाळी बसल्याबसल्या मला झापड आली आणि बाळ मांडीवरून घरंगळलं. सासूबाईंनी वरच्यावर झेललं म्हणून वाचलं. मी इतकी घाबरले, की मातामायजवळ काही मागताही येईना. “आता तूच बघ,” एवढंच म्हटलं, आणि तेही रागाने.

त्याच सकाळी दारात एक म्हातारी बांगड्यावाली चाची आली. बाळंतिणीला हिरव्या बांगड्या भरायच्याच होत्या, पण आमची नेहमीची बांगड्यावाली दुसरी. ही कोणाच्या सांगण्यावरून आली, ते आम्ही विचारलंच नाही. आत येऊन तिने माझा हात चाचपला.

“बेटी, मनगटच दिसून नाही राह्यलं मले. बांगडी चढवू कशी?” म्हणत तिने खिडकीतलं पोतं ओढून काढलं.

“काढू नको वं! लेकराले वारं लागन,” सासूबाई ओरडल्या.

खिडकीतून ऊन थेट बाळाजवळ आलं. त्याने तोंड वाकडं केलं, आळस दिला आणि डोळे उघडले. दिवसाच्या उजेडात ते डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. मला रडू फुटलं. चाचीला सगळं सांगितलं, मुलीचंही. ती बांगड्या सरकवत ऐकत होती.

“तुमच्या घरी सूर्य रातीले उगवते, मंग लेकराचा काय कसूर? दिवसाले खिडकी खुली ठेव, त्याच्याशी बोलत राह्य. रातीले दिवा बाहेर ने, अन् गुपचूप दूध पाज.”

“चाची, नवस हाय माहा.”

“तुह्या मातामायले अंधारात दिसत नाही काय?”

संध्याकाळी नवसाचा दिवा देवघरात नेऊन ठेवला, सासूबाईंनीही आपला दिवा त्याच्याशेजारी ठेवला. पहिल्या रात्री अंधारात मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिले. तो रडायचा, मी पाजायची, बोलायची नाही. असे दहा-बारा दिवस गेले. रडणं हळूहळू कमी झालं आणि दिवसा तो टुकूटुकू बघू लागला.

मग एके दिवशी दचकून जागी झाले, तर चांगलं उजाडलं होतं. पहाटेपासून मला कसलीच शुद्ध नव्हती. वळून पाहिलं, तर बाळ जागं होतं, मूठ चोखत पाय झाडत होतं.

चाची पुन्हा कधी आली नाही. ती मातामायच होती असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत. मी त्या वादात पडत नाही, दोघींनाही हात जोडते. मी झोपले होते आणि माझं लेकरू जिवंत होतं. त्याला छातीशी धरून मी खूप रडले. माझी मुलगीही माझ्या झोपेने गेली नव्हती, हे त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं.